आंबलेल्या खळीचा वास

बाइंडरचं नाक एका दिवसात बंद पडलं नव्हतं. एका वर्षी सर्दी झाली ती हिवाळाभर राहिली, पुढं उन्हाळ्यातही राहिली, आणि नंतर तिला सर्दी म्हणायचंही त्यानं सोडून दिलं. गालांच्या हाडांमागे, भुवयांच्या वर कायम काहीतरी ठासून भरल्यासारखं जड असायचं. खाली वाकलं की कपाळ ठणकायचं, आणि त्याचं सगळं काम तर वाकूनच असायचं. मग एकदा बायको मागच्या खोलीतून ओरडली, "दूध करपून भांडं काळं झालं, घरभर वास सुटलाय, आणि तुम्ही तिथं शिवत बसलात?" तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला वासच येत नाही.

बायकोनं ते हसण्यावारी नेलं. "आमच्या ह्यांचं नाक आता फक्त चष्मा टेकवायला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यानं ऑपरेशन करून घेतलं. नाकातल्या द्राक्षांसारख्या मऊ गाठी काढल्या, तीन-चार महिने बरे गेले, आणि गाठी हळूहळू परत आल्या. डॉक्टरांनी स्प्रे लिहून दिला. दिवसातून दोन वेळा, न चुकता. आठ वर्षांत त्यानं एक दिवस चुकवला नाही. सकाळी दात घासले की आणि संध्याकाळी हत्यारं आवरली की तो डोकं मागे टाकायचा, बाटलीचं टोक नाकात सरळ वर धरायचा, दाबायचा आणि जोरात ओढायचा. घशात कडवट चव उतरली की औषध पोचलं असं समजायचा. फरक पडत नव्हता, पण औषध चालू आहे एवढं समाधान होतं.

रस्त्यालगतची एक खोली कामाची आणि तिच्या मागची राहायची. शेजारचं दुकान कित्येक वर्षं शटर पाडून होतं, वरच्या मजल्यावर कुणाचंतरी गोदाम होतं. त्याच्याकडे ग्रंथालयाची खिळखिळी पुस्तकं यायची, कचेऱ्यांच्या फायली यायच्या, विद्यार्थ्यांचे प्रबंध यायचे. जुनी शिवण उसवायची, पानांचे जुडगे, म्हणजे फर्मे, नव्यानं शिवायचे, पाठीला कापड लावायचं, पुठ्ठा चढवायचा आणि शिकंज्यात आवळून वाळू द्यायचं. चिकटवायला मैद्याची खळ. ती शिजवायचं काम बायकोचं. शिजवताना ती चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे पुस्तकाला कीड लागत नाही आणि खळही लवकर नासत नाही. रोज सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून ती हुंगायची. "आज चालेल," म्हणायची, नाहीतर "फेका, आंबली." त्यानं त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं.

मग खळ तो स्वतः शिजवू लागला. मोरचुदाची पुडी संपली, नवी आणायची राहून गेली. खळ पांढरी दिसत होती, चिकटत होती. आणखी काय बघायचं असतं, असं त्याला वाटायचं. मोठं पातेलंभर एकदाच शिजवायची आणि पंधरा दिवस पुरवायची. उरलेली टेबलाखालच्या बादलीत ओतायची. बादली कधीतरी रिकामी व्हायची.

माणसं हळूहळू येईनाशी झाली. ग्रंथपालबाई पूर्वी महिन्यातून एकदा स्वतः यायच्या, स्टुलावर बसून चहा घ्यायच्या आणि कोणत्या वाचकानं कोणत्या पुस्तकाचे काय हाल केले ते रंगवून सांगायच्या. आता त्यांचा शिपाई यायचा आणि गठ्ठा उंबऱ्याबाहेर ठेवून निघून जायचा. प्रबंधवाली मुलं रस्त्यावरूनच बोलायची. मुलगी तासाभराच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहायची. पूर्वी ती आली की दोन दिवस राहायची. आता सकाळी यायची, आल्या आल्या खिडक्या उघडायची, "बाबा, आज बाहेरच जेवू या," म्हणायची आणि दुपारच्या बसनं पाय काढता घ्यायची. नातीला आणणंही तिनं सोडलं होतं. कधी तिची शाळा असायची, कधी तिला बस लागायची.

बाइंडरनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. लोक यायचे ते तिच्यासाठी. ती गप्पिष्ट होती, मी मुखदुर्बळ. माझ्याशी कुणी काय बोलणार? त्यानं कुणाकडे तक्रार केली नाही. चहा एकट्यापुरता ठेवायची सवय केली. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी भाजीवाल्याला "अर्धा किलो" म्हणताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटायचा. दिवसभरात तोंड पहिल्यांदाच उघडलेलं असायचं.

एके दिवशी शिपायानं उंबऱ्यावर एक खोकं ठेवलं. आत त्यानंच गेल्या महिन्यात बांधून दिलेली बारा पुस्तकं होती आणि वर चिठ्ठी. वाचकांच्या तक्रारी आल्यामुळे पुस्तकं परत पाठवीत आहोत, पुढील काम तूर्त थांबवावं. कसल्या तक्रारी ते लिहिलं नव्हतं.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वरचं पुस्तक उचलून तो तडक ग्रंथालयात गेला.

"बाई, शिवण सुटली? पान उलटं लागलं? पुठ्ठा वाकला?" टेबलावर पुस्तक ठेवत तो म्हणाला. "तीस वर्षांत माझं एक पुस्तक परत आलं नव्हतं. काय चुकलं तेवढं सांगा."

वाचनकक्षातल्या दोन-चार माना वर झाल्या. ग्रंथपालबाई उठल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटलं, खिडकी उघडली.

"शिवणीत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी शिवण आता कुणी घालत नाही."

"मग?"

"वास येतो, बाइंडर."

"कसला?"

"माझी चेष्टा करताय का?" त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं आणि त्याच्या तोंडापुढं धरलं. "घ्या. तुम्हीच सांगा कसला."

त्यानं पानांत नाक घालून जोरानं श्वास ओढला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. "जुन्या कागदाचा असेल," तो अंदाजानं म्हणाला.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुम्हाला खरंच येत नाही?"

"दहा वर्षं होत आली."

"अहो, मग सांगायचं नाही का? आम्हाला वाटलं, तुम्हाला कळतंय पण पर्वा नाही. वहिनी गेल्यापासून तुम्ही स्वतःला सोडून दिलंत, असं आम्ही सगळे..." त्या मध्येच थांबल्या.

"घराला पण येतो का?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. "शिपाई आत पाऊल टाकायला तयार नसतो. मी शेवटची आले होते तेव्हा चहा घशाखाली उतरेना. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. माझंच चुकलं."

"आणि माझ्या अंगाला?"

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "कपड्यांना. थोडा."

परत जाताना तो गर्दीच्या बाजूनं गेला नाही. पलीकडच्या रिकाम्या फुटपाथनं, भिंतीच्या कडेकडेनं चालला. समोरून कुणी आलं की थोडा थांबून त्याला पुढं जाऊ द्यायचा. गेली तीन वर्षं दुकानांतून, रांगेतून, मुलीशेजारी बसच्या थांब्यावर आपण कसे उभे राहिलो असू, ते एकेक आठवत होतं, आणि आठवेल तसा जीव थोडा थोडा होत होता.

घरी येऊन त्यानं मुलीला फोन केला. "तू मला सांगितलं का नाहीस?"

तिला काय ते लगेच कळलं. "सांगितलं होतं, बाबा. तीनदा. तुम्ही म्हणालात, बाइंडरच्या घरात खळीचा वास नाही येणार तर काय अत्तराचा येणार?"

ते त्याला आठवलं. मोठ्यानं हसून म्हणाला होता.

"चौथ्यांदा सांगायचा धीर झाला नाही," ती म्हणाली. "आई गेल्यावर तुम्ही त्या घराबद्दल एक शब्द ऐकून घेत नव्हता."

"रविवारी येशील?"

"कशाला?"

"हुंगायला," तो म्हणाला. "मला कुठून येतो ते कळणार नाही."

पलीकडून ती फिस्सकन हसली आणि "येते," म्हणाली.

रविवारी ती आली. नाकाला रुमाल न लावता दोन्ही खोल्यांतून कोपरा न् कोपरा फिरली. बादली बाहेर गेली, पातेली गेली, खळीचे ब्रश गेले, टेबलाखालच्या फरशीवर साचलेला थर तिनं खरवडून काढला. कापडं उकळली. संध्याकाळी ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "निम्मा गेला. पण अजून काहीतरी आहे, बाबा. कुठं ते सापडत नाही." जाताना तिनं नाक-कान-घशाच्या दवाखान्याची वेळ घेऊन दिली.

डॉक्टरांनी बारीक नळी नाकात घालून पडद्यावर आतलं दाखवलं. लालसर सुजलेल्या भिंती, त्यांच्यामध्ये फिकट, ओल्या गाठी. "इतक्यात ऑपरेशन नको," ते म्हणाले. "औषध जिथं पोचायला हवं तिथं आधी पोचवून बघू. हा आजार मुळापासून जात नाही, ताब्यात ठेवावा लागतो. आणि वासाचं मी वचन देत नाही."

मग त्यांनी त्याला सिस्टरकडे पाठवलं. चाळिशीची, भरभर बोलणारी बाई होती. तिनं त्याच्या हातात रिकामा स्प्रे दिला. "रोज कसा मारता, करून दाखवा, काका."

त्यानं डोकं मागे टाकलं, टोक सरळ वर धरलं, दाबलं आणि ओढलं.

"आणि मग घशात कडू लागतं?"

"लागतं ना. म्हणजे पोचलं."

"पोटात पोचलं," सिस्टर म्हणाली. "किती वर्षं असं करताय?"

"आठ."

ती "अरे देवा" म्हणाली आणि लगेच सावरली. "मान पुढं वाकवायची. उजव्या नाकपुडीला डावा हात. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाकडे. आणि ओढायचं नाही, फुलाचा घेतात तसा हलका श्वास."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कुणी बघितलंच नसेल," ती सहज बोलून गेली आणि पुढच्या बाटलीकडे वळली.

बाइंडर मात्र त्या वाक्याशीच अडकला. खरंच कुणी बघितलं नव्हतं. बायको त्या वेळी मागे चुलीपाशी असायची, आणि ती गेल्यावर तर बघायला घरात कुणी नव्हतंच.

सिस्टरनं दोन गोष्टी शिकवल्या. सकाळी नाक धुणं आणि संध्याकाळी थेंब. धुण्यासाठी हातात मावणारी मऊ बाटली. पाणी उकळून कोमट केलेलं, त्यात मिठाची एक पुडी आणि सूज उतरवणारं औषध. बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, एका नाकपुडीतून बाटली दाबायची, पाणी दुसरीतून बाहेर. थेंबांसाठी पलंगावर आडवं पडून डोकं कडेवरून खाली लोंबतं ठेवायचं, थेंब सोडायचे आणि तसंच दोन मिनिटं राहायचं, म्हणजे औषध वरच्या, वासाच्या जागेपर्यंत उतरतं.

"घरी कोण असतं? वेळ मोजायला कुणी असलं तर बरं पडतं," ती म्हणाली.

"मी मोजीन," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी पाणी कानात गेलं, घशात गेलं, सदऱ्यावर सांडलं. दुसऱ्या नाकपुडीतून तेवढं आलं नाही. ठसका लागून तो बेसिन धरून उभा राहिला. पाण्यात बुडणाऱ्या माणसाला कसं वाटत असेल ते कळलं, असं कुणालातरी सांगावंसं वाटलं. चौथ्या दिवशी पलीकडून एक थेंब आला, मग धार, आणि धारेबरोबर पिवळट, चिवट काहीतरी. आठवड्यानं कपाळावरचं ओझं थोडं हललं. वाकून शिवताना ठणका कमी झाला होता.

संध्याकाळचे थेंब सोपे होते, पण ती दोन मिनिटं कठीण. उलट्या डोक्यानं खोली बघत पडायचं. छत खाली, फरशी वर, खुर्ची हवेत टांगलेली. एकशे वीसपर्यंत मोजायचं. रोज साठच्या पुढं गेलं की त्याला वाटायचं, आपल्याला असं लोंबकळताना कुणी पाहिलं तर हसून हसून मरेल. मग वाटायचं, हसायला का होईना, कुणीतरी यावं.

नवव्या की दहाव्या संध्याकाळी, मोजता मोजता, उलट्या डोळ्यांना समोरच्या कपाटाखाली काहीतरी दिसलं. उभ्यानं, बसून, झाडतानाही कधी दिसलं नसतं अशा जागी, भिंतीला टेकून, एक कापडी पिशवी. एकशे वीस पुरे करून तो उठला, काठीनं पिशवी ओढली. जुन्या सरसाच्या वड्या होत्या, चामड्या-हाडांपासून करतात त्या. कितीतरी वर्षांपूर्वी तो त्या वितळवून वापरायचा. मागच्या भिंतीतून ओल येऊन त्यांचा काळा लगदा झाला होता, पिशवी हाताला बुळबुळीत लागत होती. त्यानं ती लांब उकिरड्यावर नेऊन टाकली, कपाट सरकवलं, भिंत धुतली. पुढच्या रविवारी मुलगी दारात आली, थांबली, आत आली. "गेला," ती म्हणाली. खिडक्या आज तिनं उघडल्या नाहीत.

दोन महिन्यांनी एका पावसाळी दुपारी एक भटकं कुत्रं उंबऱ्यावर येऊन बसलं. बाइंडर पुठ्ठा कापत होता. एकाएकी त्याचा हात थांबला. काहीतरी होतं. उग्र, ओलसर, लोकरीसारखं. तो सावकाश उठला, कुत्र्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या पाठीपाशी नाक नेलं. ओल्या कुत्र्याचा वास! इतका घाण आणि इतका खरा, की त्याचे डोळे भरून आले. कुत्र्याला हा माणूस काही बरा वाटला नाही. ते उठलं आणि पावसात निघून गेलं. बाइंडरनं धावत जाऊन साबण हुंगला, चहापत्तीचा डबा हुंगला. चहाचा किंचित आला, नाही आला. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा बंद. मुलीला फोन लावला तर ती कामात होती. "काय म्हणता! वा!" म्हणाली, रात्री करते म्हणाली, आणि विसरली.

तेव्हापासून वास असा येत-जात राहिला. चार दिवस काही नाही, मग एखाद्या सकाळी फिनेल, जळकी काडी. खळीच्या बाबतीत त्यानं नाकावर विसंबायचं नाही असं ठरवलं. मोरचूद आणला, पातेलं लहान केलं, झाकणावर कागद डकवून शिजवल्याची तारीख लिहू लागला. तिसऱ्या दिवशी उरेल ती फेकायची.

परत आलेली बारा पुस्तकं त्यानं पुन्हा उसवली, पाठी खरवडून, वाऱ्यावर ठेवून नव्यानं बांधली. ग्रंथपालबाईंनी त्यातलं एक उचललं. "राग मानू नका हं," म्हणून त्यांनी ते हुंगलं. "कोऱ्या कापडाचा येतो." त्यांनी आणखी वीस पुस्तकं दिली.

"चहाला या एकदा," तो म्हणाला. हे वाक्य तो घरून जुळवून आला होता.

"येईन ना," बाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या असतील. पण तीन वर्षांत त्यांच्या जाण्यायेण्याचा रस्ता बदलला होता, संध्याकाळ दुसरीकडे रमू लागली होती. शिपाई आता गठ्ठा आत आणून टेबलावर ठेवायचा, पाणी प्यायचा. बाई काही आल्या नाहीत.

मुलगी मात्र एका शनिवारी नातीला घेऊन राहायला आली. दुपारी नात झोपली तेव्हा बाइंडरनं कपाट उघडलं आणि घडी घातलेली एक राखाडी शाल काढली. बायकोची. ती गेल्यापासून शाल धुतलेली नव्हती. गेला आठवडा त्याला बऱ्यापैकी वास येत होता. सकाळी त्यानं शालीत तोंड घालून पाहिलं होतं आणि काही आलं नव्हतं. नाकच बंद आहे की शालीत काही उरलं नाही, हे त्याचं त्याला कळेना.

"यात काही येतो का बघ," तो म्हणाला.

मुलीनं शाल घेतली. घडी उलगडली, चेहऱ्याला लावली, डोळे मिटून बराच वेळ तशीच बसली. पुन्हा दुसऱ्या टोकाला हुंगलं. बापाचं मन राखायला ती काहीतरी म्हणाली असती तर त्याला ओळखता आलं नसतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "आता कशाचाच येत नाही."

"बरं," तो म्हणाला. "मला वाटलं माझंच नाक."

शालीची घडी दोघांनी मिळून घातली. नंतर त्यानं तिला विचारलं, तुझ्या आईला कसला वास यायचा. तिनं आठवून सांगितलं: मैद्याचा, डोकेदुखीच्या बामचा आणि बाहेरून आली की उन्हाचा. तो ऐकत राहिला. त्याला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिच्या शेवटच्या सात वर्षांत तो तिच्या शेजारी वासाविनाच राहिला होता.

रविवारी दुपारी दोघी गेल्या. बस वळेपर्यंत नात मागच्या काचेतून हात हलवत होती. घरी येऊन त्यानं तिनं पसरलेले रंगीत कागदाचे तुकडे गोळा केले, फेकले नाहीत, एका पाकिटात भरले. तीन महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. गाठी लहान झाल्या होत्या, वाट मोकळी दिसत होती. "धुणं सोडू नका. कायमचं समजा," ते म्हणाले. सिस्टरनं पुन्हा करून दाखवायला सांगितलं आणि शेजारच्या खुर्चीतल्या नव्या पेशंटला म्हणाली, "बघा, असं." बाइंडर त्या दिवशी दवाखान्यातून थोडा ताठ चालत बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे पाणी उकळलं आणि ते कोमट होईपर्यंत एका जुन्या शब्दकोशाची शिवण उसवायला घेतली. दोरा कुजलेला होता, पण पानं मजबूत होती. रस्त्यानं माणसं कामाला चालली होती. त्यानं दार सताड उघडं ठेवलं.